परतून येणारी चाल : प्रोग्रेसिव्ह रॉकच्या श्रवणपुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२५, परभणी

आमच्या श्रवणगटासाठी करावयाच्या पुस्तिकेचा विषय आज नक्की झाला. इंग्लंडमधील प्रोग्रेसिव्ह रॉकची, म्हणजे लांबलचक, अनेक भागांच्या रचना करणाऱ्या रॉक संगीताची, मोजकी गाणी घ्यायची, मुख्यतः १९७२ ते १९७५ या वर्षांतली. प्रत्येकाचे शब्द आणि चाल समोरासमोर ठेवून वाचायची. आणि ज्याने आयुष्यभर अभंग, नाट्यपद व ख्याल ऐकला अशा श्रोत्याने ही गाणी कोठून धरावीत ते सांगायचे, एवढाच हेतू आहे. वाद्यवृंदांचा इतिहास, त्यांतली भांडणे, ध्वनिमुद्रिकांचा खप यांना पुस्तिकेत जागा द्यायची नाही. ती माहिती कोठेही मिळते.

या गाण्यांविषयीची पहिली तक्रार लांबीची असते. बडा ख्याल तासभर ऐकणाऱ्याने अशी तक्रार करू नये हे खरे, परंतु तिच्यामागे एक रास्त अडचण आहे. ख्यालात मुखडा आवर्तनागणिक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो, अभंगात कडव्यामागून कडवे झाले तरी ध्रुवपद सुटत नाही, आणि दोन्हीकडे परतणारी चाल आपले जुनेच शब्द घेऊन येते. परवा आषाढीला गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात भजन झाले, त्यात ज्यांना कडवी पाठ नव्हती तेही ध्रुवपदाला न चुकता सामील होत होते. या गाण्यांत तशी सोय नाही. चाल दहा-पंधरा मिनिटे दिसेनाशी होते, आणि परतते तेव्हा तिच्यावर वेगळे शब्द असतात किंवा शब्दच नसतात.

माझे म्हणणे असे आहे की या गाण्यांचा अर्थ नेमका या परतण्याच्या जागी ठरतो. चाल आपल्याबरोबर पहिल्या भेटीची आठवण आणते, आणि नवे शब्द त्या आठवणीला दुजोरा देतात किंवा तिच्याशी वाद घालतात. पुस्तिका या एका सूत्रावर उभी करायची आहे.

वहीत तीन रकाने आखले आहेत : शब्दांचा आशय, स्वर आणि मात्रा. गटात पाश्चात्त्य स्वरलेखन वाचणारे कोणी नाही, म्हणून स्वर सारेगममध्येच लिहायचे. मात्रांचा रकाना पखवाज आणि तबला शिकवणाऱ्या आमच्या गुरुजींनी स्वतःहून मागून घेतला आहे.

१३ जुलै

सुरुवात पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’पासून केली. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या १९७३ च्या ध्वनिमुद्रिकेतील हे रॉजर वॉटर्सचे गाणे सात मात्रांत आहे, आणि सात मात्रा म्हटल्या की आपल्याकडे पहिल्यांदा रूपक आठवतो. गुरुजींनी ठेका धरला, दोन आवर्तने वाजवली आणि हात उचलला. “मॅडम, ह्यो रूपक न्हाई. रूपकात समेवर खाली राहतीय. हितं तर समदं वजन समेवरच पडायलंय.” मग त्यांनी तीव्रा लावून पाहिला, कारण त्यात समेवर टाळी आहे. वजन जुळले, पण विभाग जुळले नाहीत. तीव्रा तीन-दोन-दोन असा चालतो, आणि ‘मनी’तील बेस गिटारची चाल चार आणि तीन अशी दुभंगते.

ही चाल वहीत अशी उतरली. पहिल्या मात्रेवर षड्ज. दुसरीत तार षड्ज आणि लगेच पंचम. तिसरीवर पुन्हा षड्ज. चौथीवर मंद्र पंचम. येथे जोड आहे. पुढच्या तीन मात्रांत मंद्र कोमल निषाद, षड्ज, कोमल गंधार अशी चढण, आणि त्या गंधारावरून समेच्या षड्जावर उतरणे. कान आठव्या मात्रेची वाट पाहत असतो आणि ती न येताच सम येऊन आदळते. गाण्याच्या आरंभी नाणी, फाटणारा कागद आणि गल्ल्याचे यंत्र यांचे आवाज याच सात मात्रांत बसवलेले आहेत. ध्वनिफितीचे तुकडे मोजून जोडून त्यांचे वेटोळे केले होते. पैशावरच्या गाण्यात दर आवर्तनाला एक मात्रा कोणीतरी खिशात घालतो, असे मी रकान्यात लिहिले. गुरुजींना ते पटले नाही, पण त्यांनी ते खोडलेही नाही.

परतण्याचा मुद्दा या गाण्यात मात्रांपुरता आहे. डेव्हिड गिलमोरच्या गिटारवादनाच्या वेळी ताल चार मात्रांचा, सरळ होतो. त्याच्याआधी डिक पॅरीचा सॅक्सोफोन सातातच वाजलेला असतो. गिटार संपून शेवटचे कडवे येते तेव्हा सात मात्रा परततात, आणि सरळ चालीला सरावलेल्या कानाला त्या पहिल्यापेक्षा अधिक बोचतात. शब्दही तेथेच वळतात. आधीच्या कडव्यांत गाणारा स्वतःच्या हावेची बढाई मारत असतो. शेवटी तो ‘पैसा हे सर्व पापाचे मूळ असे म्हणतात’ या बायबलमधून आलेल्या वचनाचा आधार घेतो, आणि लागलीच सांगतो की पगारवाढ मागा, कोणी दमडी देत नाही. उपदेश आणि हिशेब एका दमात येतात.

१९ जुलै

त्याच ध्वनिमुद्रिकेतील ‘टाइम’. माझ्या मते या पुस्तिकेत फक्त एकच गाणे ठेवायचे झाले तर हे ठेवावे, कारण परतणाऱ्या चालीचे काम येथे सर्वांत स्वच्छ दिसते.

आरंभी घड्याळांचा एकदम गजर होतो. ध्वनिअभियंता ॲलन पार्सन्स याने जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊन ती घड्याळे ध्वनिमुद्रित केली होती. त्यानंतर निक मेसनचे रोटोटॉम, म्हणजे फिरवून सुरात आणता येणारे चर्मवाद्य, आणि शब्दांचा पत्ता दोन मिनिटांहून अधिक काळ नाही. वेळ वाया घालवण्यावरचे गाणे श्रोत्याला आधी नुसते थांबवून ठेवते. गटातील एक वकीलसाहेब या जागी नेहमी घड्याळ पाहतात, आणि गाण्याला तेच हवे असावे.

कडवे गिलमोर गातो. त्याची गायकी येथे रुक्ष आहे, वाक्ये तुटक आहेत, आणि संबोधन सरळ ‘तू’ला आहे : तू दिवस वाया घालवतोस, कोणी वाट दाखवील म्हणून थांबतोस. मधला भाग रिचर्ड राइट गातो, मागे स्त्रियांचे आवाज भरून येतात, चाल एकदम मऊ होते. ही मऊ चाल कठोर मजकुरासाठी वापरली आहे हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. एके दिवशी पाहतोस तो दहा वर्षे मागे गेलेली असतात, ही बातमी नेमकी तिच्यावरच येते. गिटारवादनही कडव्याच्या आणि मधल्या भागाच्या स्वरसंगतींवरूनच जाते, त्यामुळे शब्द नसतानाही ते एक पूर्ण कडवे गायल्यासारखे वाटते.

शेवटच्या कडव्यात ‘तू’ हळूहळू पुसट होतो. वर्षे आखूड होत चालली आहेत, बेत अर्धवट राहिले आहेत, आणि मुकाट्याने तग धरून राहणे हीच इंग्रजी रीत आहे, असे गाणारा म्हणतो. ‘मुकाट हताशा’ ही कल्पना अमेरिकन लेखक थोरो याच्या १८५४ च्या ‘वॉल्डन’मधून आलेली आहे, अमेरिकन माणसाचे वाक्य इंग्रजांच्या गळ्यात घालण्यात थोडा खवचटपणा आहे. मग ओळ येते की वेळ संपली, गाणे संपले, वाटले होते आणखी काही सांगायचे आहे.

आणि गाणे संपत नाही. त्याच श्वासात ‘ब्रीद’ची चाल परत येते. ‘ब्रीद’ ही या ध्वनिमुद्रिकेतील त्याआधीची रचना. तिच्यात बहुतेक आज्ञार्थ होते. श्वास घे, घाबरू नकोस, पळ रे सशा, बीळ खण, एक खणून झाले की बसू नकोस, दुसरे खण. तीच चाल आता प्रथमपुरुषी शब्द घेऊन येते : मी घरी आलो आहे, जमेल तेव्हा येथे असावेसे वाटते, थंडीने दमून आल्यावर शेकोटीपाशी हाडे शेकणे बरे वाटते. म्हणजे ‘तू’ला हुकूम सोडणारी चाल ‘मी’च्या थकव्यावर येऊन बसते. शब्दांनी गाणे संपल्याचे जाहीर केले आणि चालीने ते नाकारले. शेवटी शेतापलीकडच्या लोखंडी घंटेचा उल्लेख आहे, जी श्रद्धावंतांना गुडघे टेकायला बोलावते. घड्याळे प्रत्यक्ष ऐकवली. घंटा मात्र शब्दांवर सोपवली.

२० जुलै

दुपारभर वीज नव्हती. ‘टाइम’चे टिपण शाईने उतरवून काढले.

२ ऑगस्ट

जेनेसिसचे ‘सपर्स रेडी’, म्हणजे ‘जेवण तयार आहे’, १९७२ च्या ‘फॉक्सट्रॉट’मधील, तेवीस मिनिटांच्या आसपास, सात भागांचे. पुस्तिकेचे हे सर्वांत अवघड प्रकरण होणार, म्हणून आज फक्त पहिले दोन आणि शेवटचा असे भाग घेतले.

पहिल्या भागात ढोल-ताशासारखे काही नाही. बारा तारांच्या गिटारी आणि पीटर गॅब्रिएलचा आवाज. प्रसंग अगदी घरगुती आहे. एक माणूस बैठकीच्या खोलीतून चालत जातो, दूरचित्रवाणी बंद करतो, तिच्या शेजारी बसून तिच्या डोळ्यांत पाहतो, आणि तिचा चेहरा बदलल्याचा त्याला भास होतो. बाहेर हिरवळीवरून सहा आच्छादित संतपुरुष संथपणे चालत जातात, सातवा पुढे क्रूस उंच धरून. प्रेयसीला उद्देशून आलेली चाल येथे लक्षात ठेवायची. मी दूर होतो, तुझ्या बाहूंपासून दूर होतो, फार काळ लोटला, असे तो म्हणतो आणि शेवटी प्रश्न ठेवतो : लोटला ना?

दुसऱ्या भागात एक शेतकरी येतो आणि एक अग्नी सांभाळणारा. मैफलींच्या वेळी श्रोत्यांना जे टिपण वाटले जात असे त्यात या दुसऱ्याची ओळख दिली आहे : तो एका शिस्तबद्ध वैज्ञानिक धर्माचा प्रमुख आहे, आगीशी लढणारे गुप्त द्रव्य आपल्याजवळ असल्याचा दावा करतो, आणि तो दावा खोटा आहे. गाण्यातही स्पष्ट बजावलेले आहे की याने तुम्हा सर्वांना फसवले आहे. पण चाल? चाल भव्य आहे, विश्वास ठेवावा अशी आहे. भोंदूला गाण्यातली सर्वांत भारदस्त चाल दिली आहे.

आता सातवा भाग. आरंभीची प्रेमाची चाल परतून गेल्यावर सूर्यात उभा असलेला देवदूत मोठ्याने हाक देतो, राजांचा राजा आपल्या लेकरांना नव्या जेरुसलेमला न्यायला परत येतो, आणि हे सगळे दुसऱ्या भागातील त्याच भोंदूच्या चालीवर गायले जाते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला शेवट निखळ मंगल वाटतो. चाल ओळखणाऱ्याला तसे वाटून घेता येत नाही. फसवणाऱ्याने ज्या सुरावटीत हमी दिली, त्याच सुरावटीत तारणहाराची हमी येत असेल, तर श्रोत्याने कोणत्या आधाराने दोघांत फरक करायचा?

शब्दांतही हीच शंका दडलेली आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातील, म्हणजे प्रकटीकरणातील, एकोणिसाव्या अध्यायात दोन भोजने आहेत. नवव्या वचनात कोकऱ्याच्या लग्नाचे भोजन आहे, आणि सतराव्यात सूर्यात उभा असलेला देवदूत आकाशातल्या पाखरांना राजांचे आणि सेनापतींचे मांस खायला बोलावतो. गाण्यातला देवदूत सूर्यात उभा आहे. जेवण तयार झाले आहे खरे, पण ते मेजवानीचे की गिधाडांचे, हे गाणे सांगत नाही. सांगत नाही हेच मला त्याचे मोठेपण वाटते. गटात याला विरोध होईल. काहींना हे गाणे पूर्ण श्रद्धेचे वाटते, आणि गायकाचा आवाज ऐकता ते म्हणणे उडवून लावता येत नाही.

५ ऑगस्ट

‘सपर्स रेडी’चा सहावा भाग, गुरुजींसह. भागाच्या नावातच नऊ-आठचे माप आहे. बेस पेडलवर आणि ढोलांवर एकच आघातांची साखळी अखंड चालते. गुरुजींनी तिचे तीन-दोन-चार असे तुकडे पाडले आणि पहिल्या, चौथ्या व सहाव्या मात्रेवर टाळी दिली. नऊ मात्रांचे ठेके आपल्याकडे विरळ, म्हणून त्यांनी स्वतःचा बोल बांधला.

मौज वरच्या बाजूला आहे. टोनी बँक्सचा ऑर्गन या नऊ मात्रांना मुळीच जुमानत नाही. त्याची वाक्ये कधी चाराची, कधी साताची. खालचा ठेका आणि वरचे वादन वेगळ्या जागी सम दाखवतात. गुरुजींनी ते दोनदा ऐकून घेतले आणि म्हणाले, “साथीदार पक्का असला तरच असं करता येतंय. खालचा हलला, की गेलं.” तबल्याच्या स्वतंत्र वादनात लेहरा, म्हणजे एकच आवर्ती धून, धरून ठेवणाऱ्याचे जे काम, ते येथे बेसकडे आहे. अशी कित्येक आवर्तने तणाव वाढत जातो आणि मग सहाशे सहासष्ट या प्रकटीकरणातील श्वापदाच्या अंकासह आवाज प्रवेश करतो, गळ्याच्या वरच्या टोकाला.

त्या आरोळीची शेवटची ओळ वहीत अधोरेखित केली आहे. आरसा घेतलेला पायथागोरस एका अगदी नव्या चालीचे शब्द रक्ताने लिहीत आहे, असा तिचा आशय. आणि लागलीच, ठेका सुटताच, जे ऐकू येते ती नवी चाल नसतेच. ती पहिल्या भागातील प्रेयसीची जुनी चाल असते. ‘टाइम’मध्ये शब्द म्हणाले गाणे संपले, आणि चाल पुढे चालू लागली. येथे शब्द म्हणतात नवी चाल, आणि येते जुनी. दोन्ही ठिकाणी गाणे स्वतःविषयी बोलते आणि चाल त्याच्या बोलण्याला छेद देते. फरकही पाहावा. पहिल्या भागातील ‘फार काळ लोटला ना?’ हा प्रश्न आता नाही. त्या जागी, मी परत आलो आहे आणि आता सगळे नीट होईल, असे ठाम विधान आहे. चाल तीच, पण प्रश्नचिन्ह गळून पडले. ते खरोखर उत्तर मिळाल्यामुळे की माणूस बदलल्यामुळे, याचा निर्णय वर सांगितलेल्या सातव्या भागावर टाकलेला आहे.

एक आडवळण नोंदवून ठेवते. गॅब्रिएल मंचावर वेश बदलत असे; १९७२ मध्ये डब्लिनच्या मैफलीत तो लाल झगा आणि कोल्ह्याचे डोके घालून आला होता, आणि ‘विलो फार्म’ या पाचव्या भागासाठी फुलाचा मुखवटा वापरत असे. गटातल्या पैठणच्या एका बाईंनी हे ऐकताच नाथांच्या भारुडाचे नाव घेतले. सोंग आणि गूढार्थ दोन्हीकडे आहेत, तुलना चुकीची नाही. पण नाथ विंचवाचे सोंग आणतात आणि तो विंचू म्हणजे काम-क्रोध हे तिथल्या तिथे उलगडून सांगतात. जेनेसिस सोंग उतरवते, उलगडा करीत नाही. पुस्तिकेत एवढेच वाक्य पुरे.

१६ ऑगस्ट

किंग क्रिमझनचे ‘स्टारलेस’, १९७४ च्या ‘रेड’मधील, बारा मिनिटांचे. मेलोट्रॉनच्या (कळ दाबली की ध्वनिफितीवरचा स्वर वाजवणाऱ्या वाद्याच्या) तंतुवाद्यांसारख्या स्वरांवर रॉबर्ट फ्रिपच्या गिटारची संथ, उदास सुरावट, मग जॉन वेटनचे गायन. तीन कडवी, आणि प्रत्येकाचा शेवट एकाच शब्दसंहतीवर : तारे नसलेला, बायबलच्या पुठ्ठ्यासारखा काळा अंधार. ही प्रतिमा वेल्श कवी डिलन टॉमस याच्या ‘अंडर मिल्क वुड’ या १९५४ च्या नभोनाट्याच्या आरंभातून उचललेली आहे. तेथे ती गावावर उतरलेल्या वसंतातल्या रात्रीसाठी आहे. येथे ती रात्र माणसाच्या आत गेली आहे. पहिल्या कडव्यात मावळतीचे सोने डोळ्यांतून वाहते, पण आत वळलेल्या त्याच डोळ्यांना फक्त काळोख दिसतो.

हे वाचताना मराठी वाचक अडखळल्याशिवाय राहणार नाही. आमच्या संतांनी शतकानुशतके सांगितले ते याच्या नेमके उलट : दृष्टी बाहेर असेपर्यंत अंधार, आत वळली की उजेड. अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीपाशी वाढलेल्या माणसाला अंतर्मुख होणे म्हणजे काही हाती लागणे, हे न शिकवता माहीत असते. वेटन आणि रिचर्ड पामर-जेम्स यांच्या शब्दांत आत पाहूनही काही हाती लागत नाही, आणि शब्द तेथे कायमचे थांबतात. साडेचार मिनिटांच्या आत गायन संपते. उरलेले गाणे शब्दांविना आहे.

मधल्या भागात बेस गिटार तेरा मात्रांची एक चाल धरते आणि फ्रिप एकच स्वर वाजवत राहतो. एकच. काही वेळाने तो स्वर किंचित वर सरकतो, पुन्हा तेथेच ठोकत राहतो, पुन्हा सरकतो. बिल ब्रुफर्डचे आघात आधी विखुरलेले, मग दाट होत जाणारे. तेरा मोजाव्यात कशा, असे मी विचारले तर गुरुजी म्हणाले, “मोजू नका. बेस गुणगुणा, तेरा आपोआप होत्यात.” हा सल्ला पुस्तिकेत जसाच्या तसा घालणार आहे, कारण विषम तालांच्या गाण्यांत बोटे मोडत बसणारा श्रोता गाणे गमावतो.

स्फोट झाल्यावर, लय दुप्पट होऊन सॅक्सोफोन पेटल्यावर, अगदी शेवटी सुरुवातीची सुरावट परतते. आरंभी ती शब्दांच्या आधी आली होती, आता शब्दांनंतर येते. तिला स्वतःचे शब्द कधीच नव्हते. म्हणून तिला खोटे पाडता येत नाही आणि तिच्याकडून दिलासाही मागता येत नाही. जे शब्दांनी ‘अंधार’ म्हणून संपवले, त्याच्या वर ती पूर्ण ताकदीने उभी राहते, एवढेच म्हणता येते. वकीलसाहेबांनी यावेळी घड्याळ पाहिले नाही.

३१ ऑगस्ट

येसच्या ‘क्लोज टु द एज’वर मी गटाइतका खूश नाही. १९७२ चे हे गाणे अठरा मिनिटांहून मोठे, चार भागांचे. जॉन अँडरसन आणि स्टीव्ह हाउ यांनी ते हेर्मान हेसेच्या ‘सिद्धार्थ’ या १९२२ च्या कादंबरीच्या प्रभावाखाली रचले, आणि त्या कादंबरीतल्या नदीमुळे आमच्या गटाला ते आपलेसे वाटते. गंगाखेडच्या एका सभासदाने तर गोदावरीच्या घाटावर बसूनच ते ऐकायचे ठरवले आहे. त्यांच्या उत्साहाला माझी हरकत नाही. हरकत शब्दांना आहे. कडव्यातील वाक्ये व्याकरणाने जुळतात, आशयाने जुळत नाहीत. शब्द अर्थापेक्षा उच्चारासाठी निवडलेले दिसतात. पान उघडून नुसती वाचली तर ती टिकत नाहीत.

गायली की टिकतात, आणि त्याचे कारण पुन्हा परतणारी चाल हेच आहे. काठाजवळ, नदीपाशी, कोपऱ्यावरून, असे स्थळवाचक तुकडे असलेले ध्रुवपद पहिल्यांदा येते तेव्हा त्याच्या शेपटीला ‘इतक्यात नाही, इतक्यात नाही’ असे आहे. तिसऱ्या भागात सगळे थांबते. मुख्य आवाज एक मजकूर गातो आणि मागचे आवाज त्याच वेळी दुसरा, मग लंडनच्या सेंट जाइल्स विदाउट क्रिपलगेट या चर्चमधला ऑर्गन रिक वेकमनच्या हाताखाली गरजतो. चौथ्या भागात ध्रुवपद परतते तेव्हा ‘इतक्यात नाही’ गेलेले असते. त्याऐवजी आता सगळे पार पडले, आता तुला सापडले, आता तू पूर्ण झालास, असे शब्द येतात. काळ बदलल्याचे गाणे वाक्यांतून सांगत नाही, ध्रुवपदाच्या शेपटीत सांगते. आरंभीचा पाण्याचा आणि पाखरांचा आवाज शेवटी परत येतो, पण ते मला थोडे सोपे वाटते. चालीने काम केलेले असताना पाण्याची गरज नव्हती.

७ सप्टेंबर

काळाच्या चौकटीबाहेरचे एकच गाणे घ्यावे, असा गटातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा आग्रह होता : टूलचे २००१ मधील ‘लॅटरॅलस’. त्याच्या पहिल्या कडव्यात उच्चारांची संख्या एक, एक, दोन, तीन, पाच, आठ अशी चढते आणि पाच, तीन अशी उतरते; ध्रुवपदाच्या जागी ताल नऊ, आठ, सात असा बदलतो, आणि ९८७ हा आकडाही त्याच फिबोनाची मालिकेतला, जिच्यात प्रत्येक आकडा आधीच्या दोहोंची बेरीज असतो. मात्रावृत्ते शिकलेल्यांसाठी एक नोंद जोडली आहे : लघूची एक आणि गुरूची दोन मात्रा धरून दिलेल्या मात्रांचा चरण किती प्रकारे भरता येतो, याची उत्तरे १, २, ३, ५, ८, १३ अशी येतात, आणि हेमचंद्राने बाराव्या शतकात, फिबोनाचीच्या आधी, हा नियम सांगितला होता. गाण्याबद्दल माझे मत मध्यम आहे. हिशेब बिनचूक आहे, दोन तुकड्यांमधल्या स्तब्धतेत श्वास चांगला ऐकू येतो, पण चाल परतून आली तरी आधीच्या भेटीपेक्षा निराळे काही सांगत नाही. अर्धे पान पुरे.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन आटोपून दुपारी गुरुजींकडे बसलो. शेवटचे प्रकरण, पिंक फ्लॉइडचे ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’, १९७५. नऊ भाग, ध्वनिमुद्रिकेच्या आरंभी पाच आणि अखेरीस चार. गाणे सिड बॅरेटविषयी आहे. वाद्यवृंदाच्या संस्थापकांपैकी एक, १९६८ मध्ये मानसिक अस्वास्थ्यामुळे बाहेर पडलेला.

गुरुजींनी तानपुरा पाश्चात्त्य ‘जी’ला लावला. त्या षड्जावर गिलमोरचे प्रसिद्ध चार स्वर असे येतात : कोमल गंधार, वर उडी घेऊन कोमल निषाद, खाली षड्ज, पुन्हा वर शुद्ध धैवत. गंधार-निषाद कोमल आणि धैवत शुद्ध, म्हणजे थाट काफीचा. परंतु काफीत धैवतावर असे कोणी सोडून जात नाही. गुरुजींनी चारही स्वर गाऊन पाहिले, धैवतावर थांबले, आणि हात आपोआप पंचमाकडे उतरला. गिटार उतरत नाही. त्या धैवताचे आणि पहिल्या कोमल गंधाराचे अंतर तीव्र मध्यमाइतके, अस्वस्थ करणारे आहे, आणि ते तसेच लोंबकळत ठेवून गिलमोर पुन्हा पहिल्या स्वराकडे जातो. गायन सुरू व्हायला आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तोवर चार स्वरांनी एका माणसाची अनुपस्थिती इतकी ठसवलेली असते की, तेव्हा तू सूर्यासारखा चमकायचास आणि आता तुझे डोळे आकाशातल्या कृष्णविवरांसारखे आहेत, हे शब्द नवी बातमी देत नाहीत. ते पुरावा जोडतात.

परतणाऱ्या चालीचा प्रश्न येथे वेगळ्या तऱ्हेने सुटतो. नववा भाग एकट्या राइटचा आहे, शब्दांविना, संथ. ध्वनी विरत जात असताना त्याच्या सिंथेसायझरवर एक छोटी सुरावट येऊन जाते, आणि ती या गाण्यातली नाही. ती ‘सी एमिली प्ले’ या १९६७ च्या गाण्यातली आहे, आणि ते गाणे बॅरेटचे. ज्याच्यासाठी हे सगळे उभे केले, त्याचीच चाल परत येते. मग शेवटची स्वरसंगती येते, आणि तीत गंधार शुद्ध आहे. गुरुजींनी तो गंधार तानपुऱ्यावर धरून पाहिला आणि म्हणाले, “येवढ्या वेळानं ह्यो शुद्ध लावलाय, तर कान धरून लावलाय. उगंच न्हाई.”

‘सी एमिली प्ले’ आधी ऐकलेले नसेल तर ही जागा हातातून निसटते. म्हणून श्रवणाच्या क्रमात बदल केला आहे : तीन मिनिटांचे ते गाणे पहिल्याच बैठकीत, काही न सांगता, ‘मनी’च्या आधी वाजवायचे, आणि पुस्तिकेत त्याच्यावर टिपण द्यायचे नाही.